लोकपाल कार्यालय उभारायचं असेल तर आधी हे ठरवा

एका तक्रार निवारण कार्यालयात आवक नोंदवहीच्या टेबलावर मी अकरा वर्षं काढली. एक बाई दिवंगत नवऱ्याच्या अडकलेल्या पेन्शनसाठी तिसऱ्यांदा आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत नीट घड्या घातलेले कागद, आणि वर आमच्याच कार्यालयाचं उत्तर: ‘उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित.’ आम्ही खात्याकडे फाइल मागितली होती. ‘फाइल उपलब्ध नाही’ असं एका ओळीचं उत्तर आलं आणि आमचे हात तिथेच बांधले गेले, कारण पुढे काय करायचं ते नियमांत लिहिलेलंच नव्हतं. वर आमच्या प्रमुखांची मुदतवाढ त्याच खात्याच्या हातात होती. म्हणून लोकपालाच्या कायद्याचा मसुदा लिहायला बसलेल्यांना मी सांगते, पाटी कसलीही लावा, आधी फाइल, पैसा आणि खुर्ची या तीन गोष्टी पक्क्या करा.

लोकपाल म्हटलं की लाच पकडणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. इथे अर्थ वेगळा आहे. स्वीडनने 1809 मध्ये ओम्बुड्समन, म्हणजे आपण ज्याला लोकपाल म्हणतो ते पद, नेमायचं ठरवलं ते अधिकारी कायद्याने वागतात की नाही हे बघायला. विलंब, उडवाउडवी, कारण न देता नाकारलेला अर्ज, कोठडीतली वागणूक हे सगळं त्याच्या कक्षेत येतं. डेन्मार्कने 1955 मध्ये आणि न्यूझीलंडने 1962 मध्ये ही पद्धत उचलली, मग ती जगभर पसरली.

आता खुर्ची. हे पद शक्यतो राज्यघटनेतच घाला. साध्या कायद्याने आणलेलं पद साध्या बहुमताने गुंडाळताही येतं. नेमणूक सरकारने करू नये, विधिमंडळाने विशेष बहुमताने करावी, म्हणजे विरोधकांचाही होकार लागतो. 2019 मध्ये व्हेनिस आयोगाने, म्हणजे युरोप परिषदेच्या घटनाविषयक सल्लागार मंडळाने, या पदासाठी पंचवीस तत्त्वं मांडली. मुदत शक्यतो एकच असावी आणि तीही शक्यतो सात वर्षांहून कमी नसावी, असं त्यांत आहे. फेरनेमणुकीची आशा संपली की माणूस मोकळेपणाने लिहितो, हे मी जवळून पाहिलंय. पदावरून काढायची कारणं कायद्यात मोजून लिहा, आणि काढायला लागणारं बहुमत नेमणुकीपेक्षा कमी ठेवू नका.

पैशाचं थोडक्यात: अंदाजपत्रक कार्यालयाने स्वतः मांडावं, आणि वर्षाच्या मध्ये फक्त त्याचीच रक्कम कापता येणार नाही असं कलम घालावं. कर्मचारीही त्यानेच निवडावेत. ज्या खात्याविरुद्ध तक्रार आहे तिथूनच उसने आणलेले कारकून असतील तर तपास सुरू होण्याआधीच बातमी फुटते.

फाइलच्या कलमावर मात्र मसुद्यातला सगळ्यात जास्त वेळ घालवा. कुठलीही फाइल मूळ स्वरूपात मागवता आली पाहिजे, टिपणीच्या पानांसकट. झेरॉक्समध्ये समासातले शेरे हमखास पुसट येतात. ठरलेल्या दिवसांत फाइल आली नाही तर लोकपालाच्या माणसाने स्वतः त्या कार्यालयात जाऊन कपाट उघडावं, आणि अडवणाऱ्याला शिक्षा असावी. फाइल हरवली असेल, तर ती शेवटी कोणाच्या ताब्यात होती हे लेखी देणं खात्यावर बंधनकारक करा. तुरुंग, कोठडी, मनोरुग्णालय इथे न कळवता जाता आलं पाहिजे. तक्रारीची वाट न बघता स्वतःहून चौकशी सुरू करण्याचा अधिकारही हवाच. जे सगळ्यात जास्त भरडले जातात, त्यांचा अर्ज बऱ्याचदा येतच नाही.

लोकपाल निकाल देत नाही, शिफारस करतो. मग ती मोडीत निघू नये म्हणून काय करायचं? खात्याने मुदतीत लेखी उत्तर द्यावं, नकार असेल तर कारणासह. तरीही ऐकलं नाही तर विशेष अहवाल थेट विधिमंडळापुढे जावा आणि त्याच दिवशी लोकांसाठी खुला व्हावा. सरकारची परवानगी मध्ये आली की अहवाल कपाटात जातो.

तक्रारीचा दरवाजा मात्र रुंद ठेवा. फी नको, वकील नको, ठरावीक नमुन्याचा हट्ट नको, तोंडी सांगितलेलंही लिहून घ्या. ब्रिटनच्या 1967 च्या कायद्याने तक्रार खासदारामार्फतच आणायची अट घातली. मला ती पटत नाही. आधीच दहा दारं झिजवून आलेल्या माणसापुढे ते अकरावं दार होतं. कैद्याचं पत्र न उघडता पोचलं पाहिजे, आणि तक्रार केली म्हणून कुणाला त्रास दिला तर तो गुन्हा धरला पाहिजे.

पोचपावतीवर क्रमांक आणि तारखेबरोबर फाइल बघणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव छापा. त्या बाई दर खेपेला मला एकच विचारायच्या, “माझा कागद आता कोणाकडे आहे?” आणि मला सांगता येत नसे.