पिकअपला ट्रॉली जोडताय? आधी वजनाचा हिशेब असा मांडा

स्लॅबच्या दिवशी गावात येणारे मिक्सर मशीन बरेचदा एखाद्या पिकअपच्या मागे डुलत येते. डाल्यात सिमेंटची पोती, पोत्यांवर मजूर, आणि मागे मशीन. हुक नाक्यावरच्या वेल्डरने चेसिसला ठोकून दिलेला. किती ओढेल म्हणून विचारले की उत्तर ठरलेले: "काई होत नाई भाऊ, दोन टन त सहज वढते." हे दोन टन कुठून आले, ते मात्र कोणी विचारत नाही.

ट्रॅक्टर ओढण्यासाठीच बनलेला असतो. पिकअप बनते ती अंगावर माल वाहण्यासाठी, म्हणून तिच्यामागे काही लावायचे तर हिशेब कागदावर मांडावा लागतो. तो अवघड नाही, बेरीज-वजाबाकी येत असली की पुरे.

आधी आकडे गोळा करा

आरसी काढा. त्यावर गाडीचे रिकामे वजन असते आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजनही असते. या दोहोंतला फरक म्हणजे गाडी अंगावर किती घेऊ शकते. त्यात रिकाम्या गाडीवर चढणारे सगळे आले: मजूर, पोती, मागून लावलेला लोखंडी हुकसुद्धा.

मग गाडीसोबत मिळालेली पुस्तिका बघा. ट्रेलर किती किलोपर्यंत ओढायचा आणि गाडी व ट्रेलर मिळून एकूण वजन किती चालेल, हे दोन आकडे शोधा. सापडले नाहीत तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. लेखी मिळत नसेल तर ती गाडी ट्रेलरसाठी नाही असेच मी धरतो. गाडीला बंपरजवळ जे कडे असते ते बंद पडलेली गाडी ओढून नेण्यापुरते. त्याला ट्रॉली लावू नये.

शेवटी हुक. कंपनीच्या हुकवर एक पट्टी असते आणि तिच्यावर दोन मर्यादा असतात: मागे किती ओढायचे आणि हुकवर खाली दाबणारे वजन किती चालते. हुकच्या गोळ्यावर त्याची वेगळी मर्यादा कोरलेली असते. ऑनलाइन मागवलेल्या हुकवर बरेचदा अमेरिकी वर्ग लिहिलेला असतो आणि आकडे पौंडात असतात. १ पौंड म्हणजे ०.४५४ किलो. म्हणजे वर्ग २ च्या हुकवरचे ३,५०० हे किलो नव्हेत, ते जेमतेम १,५८८ किलो भरतात. 'एलबी' (lb, म्हणजे पौंड) ही दोन अक्षरे न बघता आकडा वाचला की दुपटीहून जास्त भार लादला जातो. वेल्डरने बनवलेल्या हुकवर तर वाचायलाच काही नसते. पत्रा जाड आहे, वेल्डिंगही पक्के आहे, पण चेसिसचा तो भाग किती ताण सोसेल याची परीक्षा झालेली नसते.

आता वजाबाकी

समजा, गाडीचे रिकामे वजन १,७०० किलो, भरलेले कमाल ३,०००, आणि गाडी-ट्रेलर मिळून ४,००० किलोची मर्यादा. हुकवर १,६०० लिहिले आहे. चालक धरून तिघे बसले, २०० किलो धरा. डाल्यात सिमेंटची १५ पोती, प्रत्येकी ५० किलो, म्हणजे ७५० किलो. गाडी झाली २,६५० किलोची. ४,००० मधून ते वजा केले की ट्रेलरला उरतात १,३५०. हुक १,६०० म्हणत असला तरी खरी मर्यादा १,३५०च. पुस्तिकेतली ट्रेलरची मर्यादा याहून कमी असेल तर तीच धरायची.

पोती २० केली तर ट्रेलरला १,१०० किलो उरतात आणि गाडीच्या अंगावरही १०० किलोचीच जागा राहते. २५ पोती घातली की ट्रेलर जोडायच्या आधीच गाडी ३,१५० वर गेली. सगळ्यात लहान आकडाच शेवटचा, आणि डाल्यात चढणाऱ्या प्रत्येक पोत्यागणिक तो आणखी खाली येतो.

ट्रेलरचे वजन डोळ्याने ठरवू नका. कापसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली दिसायला डोंगर, वजनाला त्या मानाने हलकी. रेतीचे उलट. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि तेवढी रेती साधारण साडेचार टन भरते, ओली असेल तर जास्तच. पाण्याच्या टाकीचा हिशेब सरळ आहे: हजार लिटर म्हणजे एक टन, वर टाकी आणि सांगाड्याचे वजन. टाकी पूर्ण भरा नाहीतर रिकामी न्या. अर्धवट टाकीतले पाणी वळणावर सगळे एका बाजूला येते.

दांडीवरचे वजन, इथेच गाडे अडते

ज्याने कधी बंडी भरली असेल त्याला हे सांगावे लागणार नाही. माल मागे जास्त गेला की बंडी उलाळ होते, पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर येतो. दोन चाकी ट्रेलरचेही तसेच. त्याच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भाग पुढच्या दांडीतून हुकवर यायला हवा. म्हणजे १,००० किलोच्या ट्रेलरला १०० ते १५० किलो. कमी पडले तर वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि ते झुलणे वाढतच जाते. जास्त झाले तर पिकअपचे मागचे टोक बसते, पुढची चाके हलकी पडतात, स्टिअरिंग सैल लागते. हे वजन गाडीच्या अंगावरच्या मोजणीतही धरायचे असते. २० पोत्यांच्या उदाहरणात उरलेली १०० किलोची जागा त्यातच संपते.

ते मोजायचे कसे? ट्रेलर छोटा असेल तर अडत्याकडचा पोती तोलायचा प्लॅटफॉर्म काटा चालतो. ट्रेलर सपाट जमिनीवर उभा करा, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. काट्यावर लाकडी ठोकळे रचून दांडी हुकच्या उंचीवर ठेवा, म्हणजे ट्रेलर आडवा सरळ राहील. काटा सांगेल तेच दांडीचे वजन. ट्रेलर मोठा असेल तर जिनिंगच्या किंवा बाजार समितीच्या वजनकाट्यावर जा. आधी नुसती पिकअप तोला. मग ट्रेलर जोडून फक्त पिकअपची चाके काट्यावर घ्या, ट्रेलरची बाहेर ठेवा. दोन पावत्यांतला फरक म्हणजे दांडीचे वजन. मोठ्या काट्यावर दहा-वीस किलोचा फरक धरून चाला.

प्रमाण चुकले तर माल थोडा पुढे-मागे सरकवा आणि पुन्हा तोला.

ब्रेक आणि घाट

युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच. आपल्याकडेही मी तोच आकडा धरतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात जायचे असेल तर चढण्याची नाही, उतरण्याची काळजी करा. ब्रेक नसलेला ट्रेलर पिकअपला मागून ढकलत राहतो. ज्या गिअरमध्ये चढला असता त्यातच उतरा. न्यूट्रल कधीच नको.

जोडताना

गोळा आणि त्यावर बसणारी टोपी एकाच मापाची हवी. ५० मिलिमीटरच्या टोपीत अमेरिकी १ ७/८ इंचाचा, म्हणजे ४७.६ मिलिमीटरचा गोळा बसलेला दिसतो, पण खड्ड्यात उसळून निसटतो. लॉक लावून दांडी जॅकने वर उचलून बघा: गाडीही वर आली पाहिजे. साखळ्या दोन, दांडीखालून एकमेकींना छेद देऊन लावा, म्हणजे हुक सुटला तरी दांडी रस्त्यात रुतणार नाही.

टायरवर मापापुढे दोन-तीन आकडी भार क्रमांक असतो: ९० म्हणजे एका टायरला ६०० किलो, १०० म्हणजे ८००. जुने, कुठूनतरी काढून ट्रेलरला बसवलेले टायर इथेच उघडे पडतात. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या टायरमधून हवा काढत बसू नका.

कागदाचेही बघा. कायद्याने ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहन आहे, त्याची वेगळी नोंदणी लागते. जादा भार सापडला तर २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार दंड आहे.

निघाल्यावर आठ-दहा किलोमीटरवर एकदा थांबा. गोळ्याचा नट, साखळ्या, लाइटची वायर बघा आणि ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या मधल्या हबजवळ हाताची पाठ न्या. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त गरम लागली तर बेअरिंग सुकले आहे किंवा ब्रेक घासतो आहे. तिथूनच मेकॅनिकला फोन लावा.