साप्ताहिक चॅलेंज अर्धवट का राहतं? ई-लर्निंग डिझाइनच्या सरावात या चुका टाळा

माझ्या लॅपटॉपवर ‘सराव’ नावाचं एक फोल्डर आहे. एका रविवारी ते आवरायला घेतलं, तर आत स्टोरीलाइनच्या, म्हणजे ई-लर्निंगचे धडे बनवायच्या सॉफ्टवेअरच्या, ३१ फायली निघाल्या. त्यातल्या पूर्ण होऊन पब्लिश झालेल्या फक्त चार. बाकीच्यांची नावं ‘टॅब्ज_नवीन’, ‘टॅब्ज_नवीन२’, ‘टॅब्ज_फायनल_खरंच’ अशी.

स्टोरीलाइन बनवणाऱ्या आर्टिक्युलेट कंपनीच्या ई-लर्निंग हीरोज या ऑनलाइन समुदायात दर आठवड्याला चॅलेंज म्हणून एक छोटा विषय दिला जातो. टॅब्ज (दाबलं की मजकूर उघडणाऱ्या पट्ट्या) जरा वेगळ्या पद्धतीने मांडा, ड्रॅग अँड ड्रॉपचा काही उपयोग करून दाखवा, असा. आजवर असे शेकडो विषय होऊन गेलेत. कामावर ब्रँडचे रंग, क्लायंटचा टेम्प्लेट आणि एसएमईची (विषयतज्ज्ञाची) वाक्यं यांतून हात मोकळा होत नाही. तो इथे होतो. मग माझ्या २७ फायली का अडकल्या? वेळ नव्हता असं मी बरेच दिवस सांगत होतो, पण ते खरं नाही.

आधी इंटरॅक्शन, मग विषय

सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. ‘या आठवड्यात ड्रॅग अँड ड्रॉप’ म्हटलं की आपण लगेच ओढायला वस्तू शोधू लागतो. मी गॅस सुरक्षेवर केलं होतं: आठ चित्रं, ‘योग्य’ आणि ‘अयोग्य’ अशा दोन टोपल्या. दिसायला झकास. पण खिडकीचं चित्र ‘योग्य’च्या टोपलीत टाकून कोण काय शिकणार? कुठली टोपली हे तर चित्र बघताच कळतं.

तोच विषय नंतर असा केला. रात्रीचे साडेदहा, अंधारं स्वयंपाकघर, गॅसचा वास. तुम्ही दारात उभे आहात. पहिली हालचाल कोणती? पर्याय तीनच: दिवा लावणं, एक्झॉस्ट फॅन सुरू करणं, अंधारातच जाऊन खिडकी उघडणं. बहुतेकांचा हात सवयीने दिव्याच्या बटणाकडे जातो, आणि शिकवायचं आहे ते नेमकं तिथेच. स्विचच्या ठिणगीने भडका उडू शकतो. फॅनचंही तेच. एलपीजी हवेपेक्षा जड, त्यामुळे तो जमिनीलगत साचतो. म्हणून दारंखिडक्या सताड उघडायची, रेग्युलेटर बंद करायचा, बाहेर पडायचं आणि मग १९०६ वर फोन करायचा. यात ओढाओढी कुठेच नाही. चॅलेंजचा नियम मोडला म्हणा, चालेल.

तेव्हा स्टोरीलाइन उघडण्याआधी कागदावर एकच वाक्य लिहा: ‘समोरचा माणूस इथे कुठे चुकतो?’ ते सुचत नसेल तर विषय बदला.

एका स्लाइडचा कोर्स होतो

सराव सुरू होतो एका स्लाइडपासून. मग मेनू हवा, स्वागताची स्लाइड हवी, शेवटी क्विझ हवी, निवेदकाचा आवाज हवा. तिसऱ्या दिवशी आपण फुकटात प्रोजेक्ट करतोय हे लक्षात येतं आणि फाइल मिटते ती कायमची. माझं माप आता ठरलंय: दोन संध्याकाळी, एक स्लाइड, फार तर तीन लेअर (स्लाइडवर चढणारे थर). आणि त्यात मला न येणारी गोष्ट एकच. स्लायडर (सरकपट्टी) आणि व्हेरिएबल (गुणांसारखी बदलती माहिती साठवणारी जागा) शिकायचं असेल तर चित्रं तयार घ्यायची, रंग मागच्याच फाइलचे.

‘कालपर्यंत चालत होतं’

इथे उत्साह खरा मरतो. रात्री अकरा वाजता बटण दाबलं तर काहीच होत नाही. नवीन ट्रिगर (‘हे झालं की ते कर’ अशी सूचना) लावण्याआधी तीन जागा बघा.

ट्रिगर वरून खाली या क्रमाने चालतात. ‘पुढच्या स्लाइडवर जा’ हा ट्रिगर वर आणि गुण वाढवणारा त्याच्या खाली असेल, तर गुण वाढण्याआधीच स्लाइड निघून गेलेली असते. क्रम बदला, झालं.

बटणाला ‘व्हिजिटेड’ स्टेट (दाबून झाल्यावरचं रूप) दिली की क्लिकनंतर ती आपोआप लागते. तिच्यासाठी वेगळा ट्रिगर लावला की दोघांची मारामारी सुरू. आणि परत आल्यावर स्लाइड जुन्याच अवस्थेत दिसत असेल, तर स्लाइडच्या गुणधर्मांत रीव्हिजिटची सेटिंग बघा; कधी ‘रीझ्यूम’ हवं असतं, कधी ‘रीसेट’.

मराठी मजकूर शेवटी ओतणं

इंग्रजीत मांडणी करून नंतर मराठी टाकलं की सगळं विस्कटतं. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि ‘सुरक्षा’चे सुटे तुकडे दिसतात. इंग्रजीसाठी ठरवलेल्या ओळींच्या अंतरात वेलांट्या आणि रफार वरच्या ओळीतल्या उकारांना जाऊन भिडतात. अक्षर-अक्षर उमटणारं अ‍ॅनिमेशन तर विसराच, व्यंजन आणि मात्रा सुटी सुटी उमटतात. फॉन्ट निवडताना पाकळीचा ल आणि देठाचा श मिळतो का तेही बघा. हिंदी वळणाची अक्षरं मराठी वाचकाच्या डोळ्यांना खुपतात.

फक्त प्रिव्ह्यूत बघणं

प्रिव्ह्यू म्हणजे आपल्याच घरातला आरसा. पब्लिश करा, वेबवर टाका, मोबाइलवर उघडा आणि या क्षेत्राशी संबंध नसलेल्या कुणाच्या तरी हातात द्या. त्या वेळी तोंड बंद ठेवायचं. हे मला अजून नीट जमत नाही.

गॅसची ती स्लाइड मी आईला दिली. तिने वास, अंधार सगळं वाचलं आणि चित्रातल्या खिडकीवर बोट ठेवलं. काही झालं नाही. पुन्हा ठेवलं, जरा जोरात. खाली ‘खिडकी उघडा’ असं ठळक बटण होतं, त्याच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. तिसऱ्यांदा दाबून म्हणाली, “तुझी खिडकी गंजलीये रे.”

पुढच्या आठवड्याच्या फाइलमध्ये बटणं नाहीत. खिडकी, स्विच, रेग्युलेटर, सगळ्यांवर हॉटस्पॉट, म्हणजे दाबता येणाऱ्या अदृश्य जागा, आहेत.