खोदताना तेलाचा वास आला तर काय कराल? जुन्या कारखान्याच्या जागेवरची माती

ठाण्यातले जुने कारखान्यांचे भाग: वागळे इस्टेट, कोलशेत, बाळकुम. काल जिथे लेथ फिरत होते तिथे आज टॉवरचं बेसमेंट खणलं जातंय. कारखाना गेला तरी त्याचं तेल जमिनीत राहतं: पुरलेली डिझेलची टाकी, फर्नेस ऑईलचा हौद, ट्रान्सफॉर्मरचा ओटा. अशा जागेवर सगळ्यात महाग पडणारी चूक एकच. चांगली आणि तेलकट माती एका ढिगात गेली की अख्खा ढीग तेलकट धरावा लागतो. एका साईटवर हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. डंपर खोळंबलेत म्हणून सुपरवायझरने दोन्ही माती एकत्र भरायला लावली, आणि वाचलेल्या तासाभराची किंमत पुढे कित्येक आठवडे मोजावी लागली.

आधी जागेचा इतिहास काढा. जुना लेआऊट मिळवा. तो नसेल तर जुना वॉचमन किंवा कामगार शोधा. टाकी कुठे होती हे त्याला कागदापेक्षा चांगलं आठवतं. फरशीवरचे काळे डाग आणि सांधे खडूने खुणावून ठेवा आणि पोकलेन (खोदाईचं मशीन) लावण्याआधी तिथे छोटे खड्डे घेऊन बघा.

माती ओळखा, पण नाकाने नाही. मुकादमांना मूठभर माती हुंगायची सवय असते, ती मोडा. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं आणि बेंझीनने कॅन्सर होतो. काचेच्या बरणीत पाणी घ्या, चमचाभर माती टाका, झाकण लावून हलवा. वर इंद्रधनुष्यासारखा तवंग आला की काम थांबवा. तवंग नाही म्हणजे माती स्वच्छ, असा उलटा अर्थ मात्र काढू नका. निकाल प्रयोगशाळेचाच. नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा आणि बर्फाच्या पेटीत त्याच दिवशी पोचवा. पिशवीत ठेवला तर हलकी तेलं उडून जातात आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरजवळची माती असेल तर पीसीबीची (जुन्या ट्रान्सफॉर्मर तेलातलं विषारी रसायन) तपासणी वेगळी मागून घ्या.

वास आला की वेल्डिंग, कटर, बिडी बंद. खड्ड्यात उतरण्याआधी हवेतली वाफ मोजणारा गॅस मीटर लावा. वाफ जड असते, तळाशी साचते.

ढीग वेगळा लावा. खाली जाड प्लास्टिक, कडेला बांध, वर ताडपत्री, आणि ढिगावर नंबर. माती खणली की फुगते, तेव्हा खड्ड्याच्या मापापेक्षा पाव पट जास्त जागा धरा.

आता आपल्या जमिनीबद्दल, कारण इथेच अंदाज चुकतात. ठाण्यात मुरूम आणि खाली कातळ. तेल मुरमातून झिरपतं आणि कातळाच्या भेगांतून आडवं जातं, म्हणून डाग टाकीपासून लांबही निघू शकतो. नवी मुंबईत खाडीलगतच्या भरावात तेल खालच्या चिकट चिखलावर अडतं आणि बाजूला पसरतं. शिवाय भूजल वर-खाली होतं तसं तेलही त्याच्यासोबत वर-खाली होतं आणि पट्टाभर माती माखून ठेवतं.

पाण्याचा बंदोबस्त करा. शक्यतो हे काम मे संपायच्या आत उरका. तवंगाचं पाणी पंपाने नाल्यात सोडू नका. नाला खाडीला मिळतो, आणि ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. पाणी टाकीत घ्या, वरचं तेल वेगळं काढा, खालचं पाणी तपासूनच पुढे पाठवा.

माती कायद्याने हलवा. रिपोर्ट घेऊन महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जा. माती घातक ठरली तर तिला २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम लागू होतात: साठवण ९० दिवसांपर्यंत, परवानाधारक गाडी, सात प्रतींचं मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला याची नोंद), आणि तळोज्यासारख्या अधिकृत केंद्रावर रवानगी. साध्या डेब्रिजच्या (बांधकामाच्या राड्यारोड्याच्या) चलनावर ती जात नाही, कुणी ‘करून देतो’ म्हणाला तरी. डिझेलची माती जिवाणूंकडून सुधारून घेता येते, पण त्याला महिने लागतात. फर्नेस ऑईल आणखी हट्टी.

शेवटी खड्डा तपासा. तळ आणि चारही भिंतींचे नमुने घ्या. रिपोर्ट हातात येईपर्यंत पीसीसीची (पायाखालच्या साध्या काँक्रीटच्या थराची) गाडी बोलावू नका. एक भिंत नापास झाली तर त्याच बाजूने आणखी खणा, ती माती वेगळ्या ढिगावर टाका आणि पुन्हा नमुना पाठवा.