शिकारीचा शो काढताय? अमेरिकेतल्या या चुका टाळा

गेली अकरा वर्षं मी विस्कॉन्सिनमध्ये शिकारीच्या आणि मासेमारीच्या कार्यक्रमांचं एडिटिंग करतोय. मचाणावर कॅमेरा घेऊन बसण्यातही बरेच हंगाम गेलेत. दर उन्हाळ्यात दोन-तीन फोन ठरलेले असतात, "आम्ही शो काढतोय, कुठून सुरुवात करू?" हल्ली त्यात मराठी आवाजही असतात. कुणी इकडेच वाढलेला, शाळेपासून धनुष्यबाण चालवणारा मुलगा असतो, तर कुणी चाळिशीत पहिल्यांदा हरणाचं लायसन्स काढलेला आयटीवाला. या सगळ्यांना जे फोनवर सांगतो तेच इथे लिहितोय, कारण चुकाही बहुतेक त्याच त्याच असतात आणि त्यांची किंमत मोठी असते.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. हे सगळं अमेरिकेपुरतं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. गावाकडे रानडुकरामागे धावतानाचा व्हिडिओ टाकणं म्हणजे वनखात्याच्या हातात पुरावा देणं. इकडे मात्र शिकार राज्याच्या वन्यजीव खात्याने मोजून दिलेली असते. किती टॅग (म्हणजे एकेक जनावर मारायची परवानगी), कोणत्या तारखा, कोणतं हत्यार, सगळं ठरलेलं. लायसन्सचे पैसे आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका-काडतुसांवरचा कर यांतून रानाची आणि जनावरांची निगा राखली जाते. २०२२ च्या राष्ट्रीय पाहणीत १६ वर्षांवरचे १ कोटी ४४ लाख शिकारी मोजले गेले. म्हणजे बघणारे लोक आहेत. तरी माझ्या टेबलावरून गेलेले बरेचसे शो पहिल्याच हंगामात गुंडाळले गेले, आणि त्यातला एकही हरणं मिळाली नाहीत म्हणून बंद पडला नाही.

आधी टीव्हीची वेळ विकत घेणं

ही सगळ्यांत महाग पडणारी चूक. लोकांना वाटतं, शो आवडला की चॅनल पैसे देतं. शिकारीच्या चॅनलांवर बहुतेकदा गंगा उलटी वाहते. अर्ध्या तासाच्या स्लॉटचे पैसे तुम्ही चॅनलला द्यायचे, बदल्यात जाहिरातीची काही मिनिटं तुम्हाला मिळतात, आणि ती विकून खर्च भरून काढायचा. स्लॉट साधारण १३ आठवड्यांच्या तिमाहीने विकला जातो. जुलै ते डिसेंबरचा भाव जास्त, कारण तेव्हाच शिकाऱ्यांच्या हाताला खाज सुटलेली असते. समजा, एका आठवड्याला २ हजार डॉलर पडले तर तिमाहीचे झाले २६ हजार. यात कॅमेरा, प्रवास, परराज्याचे टॅग, एडिटिंग काहीच धरलेलं नाही.

नव्वदच्या दशकात आउटडोअर चॅनल, २००३ मध्ये स्पोर्ट्समन चॅनल, २००८ मध्ये पर्स्युट आलं, त्या काळात हा हिशेब बसायचा. शिकार बघायची तर दुसरीकडे जाणार कुठे? आता लोक केबल तोडून बसलेत. शिकारी आणि लेखक स्टीव्हन रिनेला यांचा 'मीटईटर' हा शो २०१२ मध्ये स्पोर्ट्समन चॅनलवर सुरू झाला आणि २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर गेला. 'द हंटिंग पब्लिक'च्या मंडळींनी यूट्यूबवरच, तेही सरकारी रानातल्या साध्या शिकारीवर, आपला प्रेक्षक उभा केला.

हे सगळं डोळ्यांसमोर असतानाही माझ्या एका मित्राने कर्ज काढून तिमाही घेतली. "टीव्हीवर दिसलो की स्पॉन्सर आपोआप येतील," असं त्याला मनापासून वाटत होतं. आले, पण पैसे घेऊन नाहीत. एका कंपनीने सहा जॅकेटं पाठवली, दुसरीने बाणांची खोकी. गॅरेजमध्ये ती खोकी छतापर्यंत रचलेली होती आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बँकेचं पत्र. जॅकेटांनी हप्ता फिटत नाही. शेवटचे तीन एपिसोड मी त्याला पैसे न घेता कापून दिले. त्याचं आणि त्याच्या बायकोचं त्या हिवाळ्यातलं बोलणं मी ऐकलंय, म्हणून इतकं कळकळीने सांगतो. पहिली दोन वर्षं पदरमोड करायची तर ती कॅमेऱ्यावर आणि वेळेवर करा, स्लॉटवर नको.

स्पॉन्सरकडे चुकीच्या महिन्यात, चुकीचा कागद घेऊन जाणं

जानेवारीत दोन मोठे मेळे भरतात. लास वेगासचा बंदूकवाल्यांचा शॉट शो आणि धनुष्यबाणवाल्यांचा एटीए शो. नवखे लोक तिथे फाइल घेऊन स्टॉलमागून स्टॉल फिरतात. हे वरातीमागून घोडं आहे. वर्षाचं बजेट बहुतेक कंपन्यांनी आदल्या शरदातच ठरवलेलं असतं, आणि स्टॉलवरचा माणूस तिथे दुकानदारांना माल विकायला उभा असतो. तुमचं बोलणं तो हसून ऐकेल, कार्डही देईल आणि विसरून जाईल. पहिलं पत्र ऑगस्टच्या सुमारास पाठवा. मेळ्याला फक्त ओळख घट्ट करायला जा.

पत्रात स्वतःची शिकारीतली कर्तबगारी लिहू नका. भिंतीवर किती शिंगं आहेत, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. तुमचे व्हिडिओ कोण बघतं, कुठल्या राज्यातून, शेवटपर्यंत किती जण थांबतात, खाली लोक काय विचारतात, हे लिहा. "या बुटात पाणी शिरतं का?" असा प्रश्न चाळीस जणांनी विचारला असेल, तर बूटवाल्याला दाखवायला याहून चांगला कागद नाही.

कंपन्यांना तुमची गरज का लागते, हेही समजून घ्या. गूगल आणि मेटा बंदुका-काडतुसांच्या विक्रीच्या जाहिराती घेत नाहीत. त्यामुळे या धंद्याला लोकांपर्यंत पोचायला विश्वासाची माणसं लागतात. पण इथेच एक खड्डा आहे. बंदुका विकणाऱ्या साइटची लिंक यूट्यूबला चालत नाही. "प्रत्येक व्हिडिओखाली आमच्या दुकानाची लिंक" असं करारात लिहून सही केलीत, तर चॅनलवर स्ट्राइक, म्हणजे नियम मोडल्याचा ठपका, येईल आणि करारही मोडेल. सहीच्या आधी यूट्यूबचे नियम आणि करार शेजारी ठेवून वाचा.

करारात आणखी दोन गोष्टी बघा. तुमचं फुटेज ते किती वर्षं, कुठे कुठे वापरणार? आणि कंपनी विकली गेली तर काय? हे दुसरं कलम उगाच सांगत नाही. २०१७ मध्ये शिकार-मासेमारीच्या सामानाची दुकानं चालवणाऱ्या बास प्रोने तशाच कॅबेलाजला विकत घेतलं आणि दोन मोठी दारं होती तिथे एक राहिलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये फेडरल आणि रेमिंग्टन या ब्रँडांचा काडतुसांचा धंदा चेकोस्लोव्हाक ग्रुप या चेक कंपनीकडे गेला. मालक बदलला की मार्केटिंगची माणसंही बदलू शकतात, आणि तोंडी दिलेला शब्द त्यांच्याबरोबर जातो. एकाच स्पॉन्सरवर घर चालवू नका.

फुकट मिळालेलं सामान हाही मोबदलाच. ते व्हिडिओत बोलून सांगा. नुसतं खाली वर्णनात बारीक अक्षरात लिहून भागत नाही, ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या एफटीसी या सरकारी संस्थेचा नियम तसाच आहे. शिवाय जाहिरातीच्या बदल्यात कुणी फुकट शिकारीला नेलं, तर त्याची बाजारभावाने होणारी किंमत तुमचं उत्पन्न धरली जाते, आणि करात दाखवावी लागते.

कॅमेऱ्यासाठी शिकार करणं

ऑक्टोबरच्या शेवटातली एक संध्याकाळ सांगतो. ओकच्या झाडावर वीस फुटांवर आम्ही दोघं. खाली धनुष्यवाला, त्याच्या खांद्यावरून मी. पट्टे झाडाला बांधलेले, बोटं गारठलेली, वारा तोंडावर. बऱ्याच राज्यांत सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकार चालते, पण कॅमेऱ्याचा उजेड त्याच्या आधीच संपतो. या धंद्यात त्याला 'कॅमेरा लाइट' म्हणतात. माझ्या पडद्यावर दाणे फुटायला लागले होते, इतक्यात पाचोळा वाजला आणि एक नर झुडपातून अर्धा बाहेर आला. खांदा फांदीआड. मित्राने मान न वळवता कुजबुजत विचारलं, "दिसतोय?" मी म्हटलं, "थोडा." खरं तर मला धड काही दिसत नव्हतं. त्या एका शब्दावर त्याने घाई केली. बाण छातीऐवजी मागे, पोटाकडे लागला.

रात्री अकरापर्यंत आम्ही टॉर्च घेऊन रक्ताचा माग काढत होतो. पानांवर थेंब, मग दहा पावलं काही नाही, मग परत एक थेंब. सकाळी कुत्रा आणून हरीण सापडलं. एपिसोडमध्ये आम्ही ते जसं घडलं तसं दाखवलं. पण माझ्या त्या "थोडा"मुळे एका जनावराने रात्रभर हाल काढले, हे मी विसरलेलो नाही. तेव्हापासून माझा नियम एकच आहे, शंका असेल तर "नाही" म्हणायचं. मचाणावर चढायच्या आधीच शिकारी आणि कॅमेरावाला यांच्यात शब्द ठरलेले हवेत. एपिसोड रिकामा गेला तरी चालेल. शिकार न झालेले चांगले व्हिडिओ लोक आवडीने बघतात. रान, वारा, चुकलेला अंदाज यांतही गोष्ट असते.

एका राज्याचा नियम दुसरीकडे धरून चालणं

टेड न्यूजंट हे गायक आणि शिकारीच्या शोचे जुने यजमान. २००९ मध्ये आग्नेय अलास्कात त्यांचा बाण एका काळ्या अस्वलाला चाटून गेला. पुढे त्यांनी दुसरं अस्वल मारलं. त्या भागात जखमी केलेलं अस्वलही तुमच्या वाट्यातलं धरलं जातं, आणि वाटा एकाचाच होता. हा नियम माहीत नव्हता, असं त्यांचं म्हणणं होतं. बेकायदा मारलेलं जनावर राज्याबाहेर नेलं की १९०० चा लेसी कायदा लागतो आणि प्रकरण केंद्र सरकारच्या कोर्टात जातं. २०१२ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला, १० हजार डॉलर दंड झाला. यातली मुख्य गोष्ट अशी, की ती शिकार त्यांच्याच शोमध्ये दाखवली गेली होती.

तुमचं फुटेज वनरक्षकही बघतो. म्हणून प्रत्येक राज्याचं, त्यातल्याही प्रत्येक विभागाचं, त्या वर्षाचं नियमपुस्तक वाचा. वायोमिंगमध्ये केंद्राच्या वाइल्डरनेस भागात, म्हणजे राखीव रानात, परराज्यातल्या माणसाला मोठ्या जनावरांची शिकार गाइडशिवाय करता येत नाही. शेजारच्या राज्याच्या सवयीने तिथे घुसलात तर सगळा प्रवास वाया.

चित्रीकरणाच्या परवान्याचं मात्र सोपं झालंय. जानेवारी २०२५ च्या एक्सप्लोर कायद्याने मोजक्या माणसांच्या लहान पथकाला केंद्राच्या जमिनीवर साधारणपणे परवाना किंवा फी लागत नाही, पण लोकांना अडवायचं नाही आणि जागेचं नुकसान करायचं नाही. राज्याच्या आणि खासगी जमिनीचं वेगळं. शेतकऱ्याची परवानगी लेखी घ्या, आणि त्यात "चित्रीकरण" हा शब्द असू द्या. शिकारीला हो म्हणणारा माणूस आपलं रान यूट्यूबवर दाखवायला हो म्हणेलच असं नाही.

ड्रोनबद्दल थोडक्यात. स्पॉन्सर असलेल्या व्हिडिओसाठी उडवताय म्हणजे ती हौस राहत नाही, एफएए या विमान वाहतूक खात्याचं पार्ट १०७ चं ड्रोन-चालक प्रमाणपत्र लागतं. आणि ड्रोनने जनावर शोधून मारणं बऱ्याच राज्यांत गुन्हा आहे. निसर्गाची दृश्यं शिकारीचा हंगाम संपल्यावर वेगळ्या दिवशी घ्या.

व्हिडिओ टाकल्यावर काही बिघडलं तर

यूट्यूबने व्हिडिओवरच्या जाहिराती मर्यादित केल्या असतील तर आधी बघा, मरण्याच्या क्षणावर, जखमेवर किंवा सोलण्यावर कॅमेरा किती रेंगाळलाय. पुष्कळदा दोन-चार सेकंद कापून पुन्हा तपासणी मागितली की सुटतं. कॉपीराइटचा दावा आला तर तो बहुतेक गाण्याचा असतो. परवाना घेतलेलं संगीतच वापरा आणि पावती जपून ठेवा. लोक पहिल्या मिनिटात निघून जात असतील तर बहुधा आवाज वाईट आहे. माइकवर केसाळ टोपी नसली की नोव्हेंबरचा वारा सगळं बोलणं गिळतो. प्रेक्षक अंधूक चित्र सोसतो, फाटका आवाज सोसत नाही.

व्हिसावर असताना शो चालवणं

आपल्या लोकांनी हे नीट वाचा. एच-१बी वर असाल तर ज्या कंपनीने व्हिसा काढला तिचंच काम करता येतं. यूट्यूबचे किंवा स्पॉन्सरचे पैसे मिळवणारा शो स्वतः चालवणं त्यात बसत नाही, आणि फुकटचं सामानही अडचणीत आणू शकतं. विद्यार्थी व्हिसावर तर आणखीच जपून. दुसरं म्हणजे, तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला केंद्राच्या कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. राज्याचं चालू शिकार-लायसन्स हा त्यातला एक अपवाद आहे. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला, मग कपाटात ठेवलेली रायफलसुद्धा गुन्हा ठरू शकते. इमिग्रेशनच्या वकिलाची एका तासाची फी द्या आणि मगच कॅमेरा सुरू करा.

तो जॅकेटांवाला मित्र अजून शो करतो. टीव्ही सोडला, वर्षाला आठ व्हिडिओ करतो, कर्ज मागच्या वर्षी फिटलं. त्याने एकदा हरीण घरी आणून कसं कापायचं, कुठला तुकडा कशाला वापरायचा, हे पाऊण तास दाखवलं. त्या व्हिडिओवर यूट्यूबच्या जाहिराती जवळजवळ नव्हत्या. पण गावातल्या मांस कापून देणाऱ्या दुकानात महिनाभर लोक येऊन "व्हिडिओत दाखवलं तसं कापून द्या" म्हणत राहिले. दुकानाचा म्हातारा मालक एका सकाळी त्याच्या दारात उभा राहिला, हातात चेक घेऊन. मित्राला रोख पैसे देणारा तो पहिला स्पॉन्सर.