ब्रिटनमधल्या शर्यतीत घोड्याचा फॉर्म कसा पारखावा

शर्यतीच्या कार्डावर घोड्याच्या नावाशेजारी आकड्यांची एक ओळ छापलेली असते. उदाहरणार्थ, ०/२१-४३पी२. नवखा माणूस त्यातला शेवटचा २ पाहतो आणि मागच्या वेळी दुसरा आला म्हणजे आज जिंकणार असं धरून चालतो. पण ही ओळ फक्त क्रमांक सांगते. तो क्रमांक कसल्या जमिनीवर, किती अंतरावर, पाठीवर किती वजन घेऊन आणि कोणाविरुद्ध आला हे शोधून काढणं म्हणजे फॉर्म पाहणं. आज तीच परिस्थिती पुन्हा जुळून येते आहे का, एवढा एकच प्रश्न प्रत्येक घोड्याला विचारायचा असतो.

हिवाळ्यात महालक्ष्मीला आणि पावसाळ्यात पुण्याला जाणाऱ्यांना दोन ट्रॅक पाठ असले तरी भागतं. ब्रिटनमध्ये जवळपास साठ रेसकोर्स आहेत आणि एकासारखा दुसरा नाही. मापंही वेगळी आहेत. अंतर मैल-फर्लांगात मोजतात: ८ फर्लांग म्हणजे १ मैल, १ फर्लांग म्हणजे साधारण २०१ मीटर. वजन स्टोन-पौंडात असतं आणि १४ पौंडांचा १ स्टोन होतो. कार्डावर ९-७ दिसलं तर ते ९ स्टोन ७ पौंड, म्हणजे सुमारे ६० किलो.

आधी शर्यत निवडा

दिवसभरातल्या सगळ्या शर्यती अभ्यासायला बसू नका. एक किंवा दोन घ्या आणि त्या नीट पाहा. सात ते बारा घोडे आहेत आणि बहुतेक घोडे किमान पाच-सहा वेळा पळलेले आहेत, अशी शर्यत शिकायला उत्तम. दोन वर्षांच्या नवख्या घोड्यांच्या शर्यतीत पाहण्यासारखा फॉर्मच नसतो. वीस-पंचवीस घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादलेल्या शर्यतीत, माहिती भरपूर असते, पण धक्काबुक्की आणि अडकलेली वाट यांवरच निकाल फिरतो. सपाट मैदानावरचा फॉर्म आणि अडथळ्यांच्या शर्यतींचा फॉर्म एकमेकांत मिसळू नका.

आकड्यांची ओळ उलगडा

ओळ डावीकडून उजवीकडे वाचायची. सगळ्यात उजवीकडचा आकडा ताजा. आडवी रेघ हंगाम बदलल्याची खूण, तिरकी रेघ त्याहून मोठ्या खंडाची. ० म्हणजे दहावा किंवा त्यामागे. पी म्हणजे जॉकीने मध्येच घोडा थांबवला, एफ म्हणजे घोडा पडला, यू म्हणजे जॉकी पडला, बी म्हणजे दुसऱ्या घोड्यामुळे हा पडला, आर म्हणजे त्याने उडी नाकारली. या अक्षरांना एकाच मापाने मोजू नका. बी मध्ये घोड्याचा दोष नसतो. पी दिसला तर त्या दिवसाची जमीन आणि अंतर जरूर बघा, कारण बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

मग प्रत्येक आकड्यामागची शर्यत उघडा. पाच घोड्यांत चौथा आणि सोळा घोड्यांत चौथा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तसंच विजेत्यापासून किती लेंथ मागे राहिला तेही पाहा. १ लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी, सुमारे अडीच मीटर. कमी अंतराच्या शर्यतीत सातवा येऊनही फक्त तीन लेंथ मागे असलेला घोडा, मोजक्या घोड्यांच्या शर्यतीत पंधरा लेंथ मागे दुसरा आलेल्या घोड्यापेक्षा पुष्कळदा सरस असतो.

जमीन

ब्रिटिश शर्यतीत सगळ्यात जास्त अंदाज जमिनीमुळे चुकतात. महालक्ष्मीला जमिनीचा मऊपणा मोजणाऱ्या पेनेट्रोमीटरचा आकडा जाहीर होतो, तिकडे गोइंगस्टिक नावाच्या उपकरणाचं माप आणि त्यासोबत शब्दांत वर्णन देतात: फर्म, गुड टू फर्म, गुड, गुड टू सॉफ्ट, सॉफ्ट, हेवी. कडकपासून चिखलापर्यंत हा क्रम आहे. गुडघा उंच उचलून टाप आपटणारा घोडा चिखलात तरतो. जमिनीलगत, लांब ढांगा टाकणाऱ्याला कोरडी जमीन लागते, चिखलात त्याची टाप रुतते आणि वेगच निघत नाही.

प्रत्येक घोड्यासाठी कागदावर दोन रकाने आखा, ओली जमीन आणि कोरडी जमीन, आणि त्यात त्याच्या सगळ्या शर्यती मांडा. सहा कोरड्या शर्यतींत रिकामा आणि दोन ओल्या शर्यतींत पहिला-दुसरा आलेला घोडा असा लगेच उठून दिसतो. त्याची आकड्यांची ओळ कितीही वाईट असली तरी पाऊस पडल्यावर त्याच्याकडे वळून बघावंच लागतं. हे काम आदल्या रात्री करून ठेवा, पण सकाळी जमिनीची ताजी नोंद पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नका. रात्रीतल्या पावसाने गुड टू फर्मचं सॉफ्ट होतं आणि निम्मे घोडे माघार घेतात.

कृत्रिम पृष्ठभाग हा वेगळाच विषय. लिंगफील्ड, केम्प्टन, वुल्व्हरहॅम्प्टन, साउथवेल, चेम्सफर्ड आणि न्यूकॅसल इथे तो आहे. साउथवेलला २०२१ मध्ये जुनं फायबरसँड काढून टेपेटा घातलं. त्याआधीचे तिथले विजय आज जवळजवळ निरुपयोगी आहेत, मग कार्डावर तो घोडा 'कोर्स विजेता' म्हणून दिसला तरी.

रेसकोर्सची ठेवण

नावापुढे सी असेल तर घोडा या कोर्सवर जिंकलेला आहे, डी असेल तर या अंतरावर आणि सीडी असेल तर या कोर्सवर याच अंतरावर. चेस्टर, एप्सम, चेल्टनहॅम अशा आडवळणी कोर्सवर या अक्षरांना खरी किंमत आहे. चेस्टरचा फेरा जेमतेम मैलभराचा आणि सतत डावीकडे वळणारा. तिथे पाच फर्लांगच्या शर्यतीत बाहेरच्या स्टॉलमधून, म्हणजे सुरुवातीच्या खणातून, निघालेल्या घोड्याला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून आतले कमी क्रमांकाचे स्टॉल फायद्याचे. एप्समला टॅटनहॅम कॉर्नरकडे उतार आहे, तोल न सांभाळणारा घोडा तिथेच संपतो. चेल्टनहॅमला शेवटी चढण आहे. सपाट कोर्सवर तीन मैल कसेबसे काढणारा घोडा त्या चढणीवर थांबतो.

उजव्या-डाव्या वळणाचंही असंच. डेझर्ट ऑर्किड हा पांढरा घोडा उजवीकडे वळणाऱ्या केम्प्टनला किंग जॉर्ज शर्यत चार वेळा जिंकला. डावीकडे वळणारं चेल्टनहॅम त्याला मानवत नसे. १९८९ चा गोल्ड कप त्याने तिथे चिखलात जिंकला तो म्हणूनच अजून लोकांच्या तोंडी आहे.

रेटिंग आणि वजन

इथे घाई करू नका. ब्रिटिश हॉर्सरेसिंग अथॉरिटीचे हँडिकॅपर प्रत्येक पात्र घोड्याला पौंडांत रेटिंग देतात आणि ते दर मंगळवारी सुधारतात. २०१२ मध्ये फ्रँकेल या घोड्याला १४० मिळालं होतं. रोजच्या साध्या शर्यतींतले घोडे ५० ते ८० च्या आसपास असतात. हँडिकॅपमध्ये जास्त रेटिंगच्या घोड्यावर तितकं जास्त वजन चढवतात, जेणेकरून सगळे बरोबरीने पोचावेत. तुमचं काम म्हणजे रेटिंग आणि खरी कुवत यांत पडलेली फट शोधणं.

घोडा शेवटचा कोणत्या रेटिंगवर जिंकला ते आधी बघा. ७४ वर जिंकला, मग ८२ पर्यंत चढला, तिथे सहा वेळा हरला आणि आज उतरून ७१ वर आला, तर तो जिंकलेल्या मापापेक्षा ३ पौंड हलका आहे. आज जमीन आणि अंतरही त्याच्या आवडीचं असेल तर हे सगळे ० माफ करा. उलट २२२२ अशी ओळ फसवी असते. प्रत्येक वेळी थोडक्यात हरताना त्याचं रेटिंग चढत राहतं आणि विजय पदरात न पडताच वजन वाढतं.

आता लेंथचं वजनात रूपांतर. पाच फर्लांगला १ लेंथ म्हणजे सुमारे ३ पौंड, मैलाला २, दीड मैलाला दीड आणि दोन मैलांच्या पुढे १. समजा, मैलाच्या शर्यतीत चार नंबरच्या घोड्याने सात नंबरला २ लेंथने हरवलं आणि दोघांवर ९-२ वजन होतं. २ लेंथ म्हणजे ४ पौंडांचा फरक. आज चार नंबरवर ९-७ आहे आणि सातवर ९-०. सातला ७ पौंडांचा लाभ. ७ मधून ४ वजा केले तर ३ उरतात, म्हणजे कागदावर आज सात नंबर दीड लेंथने पुढे हवा.

हा हिशेब दोन ठिकाणी दगा देतो. विजेत्याला जॉकीने शेवटी आवरून घेतलं असेल तर खरं अंतर २ लेंथहून जास्त होतं. आणि चिखलात दमलेले घोडे लांबलांब पांगतात, तिथली वीस लेंथ शब्दशः धरायची नसते. म्हणून शक्य असेल तिथे शर्यतीचं चित्रीकरण पाहाच.

जिंकल्यावर नवं रेटिंग लागू होण्याआधी घोडा पुन्हा पळवला तर पेनल्टीचं वजन चढतं. पेनल्टी ६ पौंड आणि नवं रेटिंग ९ ने वाढणार असेल, तर आज तो ३ पौंड स्वस्तात पळतोय. नवशिक्या जॉकीला वजनात मिळणारी सूटही मोजा. सपाट शर्यतींत २० विजयांपर्यंत ७ पौंड, ५० पर्यंत ५ आणि ९५ पर्यंत ३. काही मोठ्या शर्यतींत ही सूट मिळत नाही.

पुढून पळणारे कोण?

मागच्या शर्यतींच्या टिपणांवरून प्रत्येक घोड्यापुढे 'पुढे', 'मध्ये' किंवा 'मागे' लिहा. पुढून पळणारा एकच निघाला तर त्याला आपल्या गतीने, दम राखून पळता येतं आणि मागून येणाऱ्यांना तो सापडत नाही. असे तीन-चार निघाले तर ते एकमेकांना दमवतात आणि मागच्यांचं फावतं.

कार्डावरच्या बारीक खुणा

नावाशेजारचा छोटा आकडा शेवटच्या शर्यतीला किती दिवस झाले ते सांगतो. शंभराच्या वर असेल तर हा घोडा याआधी मोठ्या विश्रांतीनंतर कसा पळला ते शोधा. झापडं लावल्याची खूण बी (आकड्यांच्या ओळीतली बी वेगळी), मुखवट्याची एच, जीभ बांधल्याची टी. पुढे १ असेल तर ते पहिल्यांदाच. २०१८ पासून श्वासनलिकेची शस्त्रक्रिया झाल्याचंही जाहीर करावं लागतं, आणि पी चा उलगडा तिथे होऊ शकतो. ट्रेनरचे गेल्या पंधरवड्यातले निकाल पाहा. तबेल्यात खोकला शिरला की सगळेच घोडे एकदम फिके पडतात.

पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारात, प्रत्यक्ष बघायला मिळालं तर चालीकडे लक्ष द्या. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्याही पुढे पडत असेल, अंगावर तुकतुकी असेल आणि कान हलते असतील तर घोडा तयार आहे. थंड हवेतही मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस आला असेल तर त्याची ताकद तिथेच खर्च होते आहे.

भाव शेवटी बघा

भाव, म्हणजे पैजेवर मिळणारा मोबदला, आधी पाहिला की डोकं फेव्हरिटच्या, म्हणजे सगळ्यात कमी भावाच्या घोड्याच्या, बाजूने कारणं शोधू लागतं. म्हणून आधी प्रत्येक घोडा जिंकण्याच्या शक्यतेचे स्वतःचे टक्के लिहा, सगळ्या घोड्यांची बेरीज १०० व्हायला हवी. मग भाव टक्क्यांत बदला: ५/१ म्हणजे सहात एक, सुमारे १७ टक्के, ३/१ म्हणजे २५. तुम्ही २२ टक्के दिलेल्या घोड्याला ५/१ मिळत असेल तर तो घेण्याजोगा. ३/१ असेल तर तो जिंकणार असं वाटत असूनही सोडून द्या. फेव्हरिट साधारण तीनात एकदा जिंकतात, पण भाव इतके आवळलेले असतात की डोळे झाकून त्यांच्यामागे गेलं तर पैसे घटतच जातात.

शर्यत संपल्यावर वहीत तुमच्या घोड्यापुढे एक ओळ लिहा: वाट अडली, जमीन ओली निघाली, अंतर झेपलं नाही, की अंदाजच चुकला. तोच घोडा तीन आठवड्यांनी पुन्हा कार्डावर येतो आणि तेव्हा छापलेल्या ० पेक्षा ही ओळ जास्त सांगते.