क्लस्टरिंग शिकताना आधी हे करून बघा

क्लस्टरिंग म्हणजे डेटातल्या सारख्या नमुन्यांचे गट पाडणं. सुपरव्हाइज्ड लर्निंग (उत्तरं दिलेल्या डेटावरून शिकवणं) शिकून आलेल्यांना इथे पहिल्यांदा चुकल्यासारखं होतं, कारण ताडून बघायला लेबल, म्हणजे आधी दिलेलं उत्तरच नसतं. के-मीन्स या गट पाडणाऱ्या पद्धतीकडे तीन गट मागा, तीन मिळतात. सात मागा, सात मिळतात. निव्वळ रँडम आकड्यांचेही गट तो पाडून देतो. त्यामुळे कोड चालला म्हणजे काम झालं, असं इथे धरून चालत नाही.

नव्याने येणाऱ्याला मी सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीमधला वाइन डेटासेट घ्यायला सांगतो. 178 नमुने, 13 मोजमापं, द्राक्षांच्या तीन जाती. डेटाला हात न लावता सरळ पीसीए चालवा. तो अनेक कॉलम एकत्र करून मोजके नवे घटक बनवतो. पहिलाच घटक तब्बल 99.8 टक्के व्हेरियन्स (डेटाचा पसारा) खातो! खूश होण्याआधी त्याचे लोडिंग (कोणत्या कॉलमचं त्यात किती वजन) उघडून बघा. जवळपास सगळं वजन प्रोलिन या एकट्या कॉलमवर पडलेलं दिसेल. प्रोलिनचे आकडे 278 पासून 1680 पर्यंत पसरलेले, तर ह्यूचे (रंगछटेचे) 0.48 ते 1.71 एवढ्यातच. पीसीएला एककं कळत नाहीत, ज्याचा पसारा मोठा त्याच्या बाजूने तो जातो. आता सगळे कॉलम एका मापात आणणारा स्टँडर्ड स्केलर लावून पुन्हा चालवा. पहिले दोन घटक मिळून कसेबसे 55 टक्के भरतात, पण आलेखात तिन्ही जाती बऱ्याच सुट्या झालेल्या दिसतात. टक्का घसरला आणि चित्र सुधारलं, हे स्वतः करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. पीसीएचं गणितही याच टप्प्यावर करा. दोन कॉलमांच्या कोव्हेरियन्स मॅट्रिक्सचे (कॉलम एकत्र कसे बदलतात त्याच्या तक्त्याचे) आयगेनव्हेक्टर, म्हणजे घटकांच्या दिशा, एकदा कागदावर काढले की पुरे.

गट किती घ्यायचे, हा प्रश्न मुलाखतीतही हमखास येतो. एल्बो (गट वाढवून फायदा कुठे मंदावतो ते आलेखात बघणं) आणि सिल्हूट (गट किती सुटे पडले त्याचा स्कोअर) शिकून घ्या, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. आयरिस या सरावाच्या डेटासेटमध्ये फुलांच्या तीन जाती आहेत. तरी के-मीन्सचा सिल्हूट स्कोअर दोन गटांना 0.68 येतो आणि तीन गटांना 0.55. त्यातल्या व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका या दोन जाती एकमेकींत मिसळलेल्या असल्याने स्कोअर त्यांना एकच समजतो. मला यापेक्षा जास्त भरवशाची वाटणारी तपासणी साधी आहे: रँडम सीड (सुरुवातीची रँडम निवड ठरवणारा आकडा) बदला, थोडा डेटा वगळा आणि तेच गट पुन्हा येतात का ते बघा.

टी-एसएनई, म्हणजे अनेक कॉलमांचा डेटा सपाट चित्रात दाखवणारं तंत्र, 2008 मध्ये आलं आणि त्याची चित्रं इतकी देखणी असतात की नवखा माणूस तिथेच थांबतो. त्या चित्रात दोन पुंजक्यांमधलं अंतर किंवा पुंजक्याचा आकार यावरून निष्कर्ष काढू नका. पर्प्लेक्सिटी (प्रत्येक बिंदूचे साधारण किती शेजारी धरायचे ते) 5, 30 आणि 50 ठेवून तीन चित्रं शेजारी शेजारी लावा, म्हणजे कारण दिसेल. क्लस्टरिंग स्केल केलेल्या मूळ डेटावर किंवा पीसीएच्या घटकांवर करा. टी-एसएनई फक्त बघण्यासाठी ठेवा.

गट हाती आले की मूळ कॉलमांकडे परत या. प्रत्येक गटाची सरासरी काढा आणि तो बाकीच्यांपेक्षा कशात वेगळा आहे, हे त्या विषयातल्या जाणकाराला समजेल अशा दोन ओळींत लिहा. त्या ओळी लिहिता येत नसतील तर के (गटांची संख्या) बदलून किंवा कॉलम कमी करून पुन्हा सुरुवात करा.