कोकणात ॲक्सोलॉटल पाळताय? या चुका टाळा

ॲक्सोलॉटल हसरा दिसतो, पण ती त्याच्या जबड्याची ठेवण आहे. आजारी पडला तरी चेहरा तसाच. रत्नागिरी, मालवण, अलिबाग या बाजूने जे प्रश्न कानावर येतात ("काका, हसतोय तर मस्त, मग खात का नाही?"), त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट असते. घरातल्यांनी त्याला मासा समजून टाकीत सोडलेलं असतं. तो मासा नाही, सॅलॅमँडर आहे. बेडकाच्या गोतावळ्यातला उभयचर, जो कल्ले न टाकता जन्मभर पाण्यातच राहतो. सह्याद्रीत सॅलॅमँडर सापडत नाहीत. आपल्याकडचे त्याचे नातलग म्हणजे बेडूक आणि मातीत दडून राहणारे देवगांडूळ. अंगावर खवले नाहीत, कातडी उघडी आणि पातळ. पाण्यात जे असेल ते त्या कातडीतून आत जातं, हे लक्षात ठेवलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं.

"पंखा लावलाय की टाकीवर"

याचं मूळ गाव मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला, सोचिमिल्कोचे तलाव आणि कालवे. उंची सुमारे २,२४० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरवर संपतं. तिथल्या गार पाण्यात घडलेल्या या जिवाला १६ ते १८ अंश सेल्सिअस मानवतं, २० पर्यंत तो निभावतो. पाणी २४ च्या वर दिवसेंदिवस राहिलं की आधी भूक जाते, मग कल्ल्यांवर बुरशी येते, मग प्राणी जातो. मे महिन्यात किनाऱ्यावरच्या घरात टाकीचं पाणी सहज तिशीला टेकतं. ऑक्टोबरही काही कमी नसतो.

इंटरनेटवरचे व्हिडिओ टाकीवर छोटे पंखे बसवायला सांगतात. कोरड्या हवेत तो उपाय चालतो, कारण पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. कोकणातल्या दमट हवेत पाणी उडतच नाही फारसं. माठ घाटावर जसा गार होतो तसा इथे होत नाही, त्याचंही कारण तेच. हिशेबच मांडायचा तर हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असताना बाष्पीभवनाने पाणी साधारण २८ च्या खाली जाऊ शकत नाही, पंखा केवढाही असो. शिवाय ३० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, १८ अंशाला साडेनऊच्या आसपास. म्हणजे उकाड्याने शरीराची गरज वाढते आणि नेमका तेव्हाच पुरवठा घटतो. ॲक्सोलॉटलला साधी फुप्फुसंही असतात. अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेणं हा त्याचा स्वभाव आहे. मात्र तो सारखा वर येऊ लागला तर लगेच थर्मामीटर बघा.

तेव्हा चिलर (टाकीचं पाणी गार करणारं यंत्र) घ्या, नाहीतर टाकी एसीच्या खोलीत ठेवा. दोन्ही परवडत नसेल तर किनाऱ्यावर हा प्राणी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. "दापोलीला थंडी असते हो" हा युक्तिवादही ऐकलाय. ती थंडी पहाटेची, आणि टाकीला बारा महिने काढायचे असतात. चिलर गरम हवा मागे फेकतो. तो टाकीखालच्या बंद कपाटात कोंबला तर स्वतःच तापून बसतो. समुद्राजवळच्या घरात खाऱ्या हवेने त्याच्या जाळ्या गंजतात, म्हणून त्या वरचेवर ब्रशने साफ कराव्या लागतात.

लाईट गेल्यावर

जूनच्या पहिल्या वाऱ्याला लाईट जाणार, हे गृहीत धरा. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीत कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तयारी आधीच हवी. टाकीच्या तीन बाजूंना थर्माकोल लावा, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवा, आणि फ्रीजरमध्ये पाण्याच्या बंद बाटल्या गोठवून ठेवा. एकेक बाटली टाकीत तरंगू द्या, विरघळली की बदला. बंदरावरचा मासळीचा बर्फ थेट पाण्यात टाकू नका. तो कुठल्या पाण्याचा आहे ते माहीत नसतं, आणि दहा मिनिटांत आठ अंश उतरवणं म्हणजे त्याला दुसरा धक्का. तासाला एक-दोन अंश उतरले तरी पुष्कळ झालं.

तो बघत नाही, हुंगतो आणि जाणवून घेतो

डोळ्यांना पापण्या नाहीत आणि नजर अधू. टाकीवर मासेवाल्यांचा झगझगीत निळा दिवा लावला की तो कोपऱ्यात दडतो, आणि घरचे म्हणतात, "लाजाळू आहे." लाजाळू कसला, दिवा बंद करा आणि आडोसा द्या. एखादं आडवं मडकंही चालतं. तो मुख्यतः रात्रीचा प्राणी आहे. दिवसभर दगडासारखा पडून राहिला म्हणजे आजारी, असं नाही.

खरं काम वास करतो, आणि त्याच्या जोडीला कातडीतली संवेदनाकेंद्रं. डोक्यावर आणि अंगाच्या बाजूंना बारीक ठिपक्यांच्या ओळी असतात. त्यांतली काही केंद्रं पाण्याची हालचाल टिपतात. काही तर इतर जिवांच्या शरीरातून निघणारं क्षीण विद्युत क्षेत्र ओळखतात. गढूळ पाण्यात अळी शोधायला हे फार उपयोगी. काचेच्या टाकीत मात्र याच कारणाने फिल्टरचा जोराचा झोत त्याला चोवीस तास छळतो. कल्ले पुढच्या बाजूला वळलेले आणि शेपटीचं टोक मुडपलेलं दिसलं तर बहुतेक वेळा दोष प्रवाहाचा असतो. स्पंज फिल्टर लावा, किंवा झोत भिंतीकडे वळवा. मिक्सर असलेल्या ओट्यावर टाकी ठेवू नका, हेही त्यातच आलं.

तोंडाजवळ काही हललं की तो तोंड उघडून ते पाण्यासकट ओढून घेतो. चावत नाही, शोषतो. म्हणून टाकीत खडे नकोत. खडा पोटात जातो आणि तिथेच अडकतो. त्याच्या डोक्याहून मोठे दगड किंवा सरळ उघडा तळ बरा. किनाऱ्यावरची वाळू आणण्याचा मोह टाळा. तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुराही. याच सवयीमुळे दोन पिल्लं एकत्र ठेवली की एकाचा पाय दुसऱ्याच्या तोंडात जातो. घाबरू नका, पाय परत येतो. अवयव पुन्हा उगवण्याची याची ताकद शास्त्रज्ञांनाही गुंतवून ठेवणारी आहे. शेपटी, कल्ले, पाठीचा कणा, हृदयाचा भागसुद्धा. २०१८ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला. त्यात सुमारे ३,२०० कोटी अक्षरं निघाली, माणसाच्या दहापट. तुमच्याकडून मात्र फक्त गार, स्वच्छ पाणी हवं. जखमेवर हळद लावू नका. गप्पी वगैरे मासे सोबत सोडू नका, ते कल्ले कुरतडतात.

विहिरीचं पाणी, नळाचं पाणी

"आमच्या विहिरीचं पाणी अमृत आहे." असेलही, तुमच्यासाठी. पावसाळा लागला की ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते, आणि तो क्लोरीन या प्राण्याच्या कल्ल्यांना भाजतो. नळाच्या पाण्याचंही तसंच. ॲक्वेरियमच्या दुकानातलं क्लोरीन काढणारं द्रावण घालूनच पाणी बदला. जांभ्याच्या पट्ट्यातलं विहिरीचं पाणी बहुधा मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं, आणि किंचित आम्लधर्मी असतं. याला थोडं जड पाणी आणि साडेसातच्या आसपासचा पीएच आवडतो. खाडीकाठच्या विहिरी उलट मचूळ, त्या तर नकोतच. एक तपासणी किट घ्या आणि अंदाज बांधणं सोडा.

नवी टाकी आणली त्याच दिवशी प्राणी सोडणं ही सगळीकडचीच चूक. विष्ठेतून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला महिना-दीड महिना लागतो. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या आत, असे आकडे आले की मगच प्राणी आणा. गरम पाण्यात तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो, म्हणून उन्हाळ्यात चुकीला जागा नाही.

खाणं

गांडूळ. बाकी सगळं त्याच्या खाली. पण गांडूळ कुठलं, ते बघा. गांडूळखताच्या वाफ्यातली लाल, पट्टेरी गांडुळं कडवट द्रव सोडतात आणि ॲक्सोलॉटल ती थुंकून टाकतो. मालक समजतो, भूक मेली. सुपारीच्या बागेतली तर मुळीच नकोत. पावसाळ्यात कोळे रोगावर बोर्डो मिश्रण फवारतात, त्यातलं तांबं मातीत आणि गांडुळांत उतरतं, आणि तांबं उभयचरांना घातक. आंब्याच्या फवारलेल्या कलमांखालचीही वगळा. सुकट-जवळा खारट, तोही बाद. मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं. उरलेलं त्याच दिवशी काढा.

कापूस दिसला तर

कल्ल्यांवर पांढरा कापूस म्हणजे बुरशी. मासळीच्या औषधांत तांबं किंवा मॅलाकाइट ग्रीन असतं, ते टाळा. आधी तापमान आणि अमोनिया बघा, निम्म्या वेळा रोग तिथेच सापडतो. अंगणातल्या जंगली बदामाची सुकून गळलेली पानं टाकीत घालण्याचा रिवाज आहे. त्यातल्या टॅनिनने बुरशीला थोडा आळा बसतो, मात्र मऊ पाण्याचा पीएच आणखी घसरतो, तेव्हा एक-दोनच. "वाढ व्हावी" म्हणून आयोडीन घालणं हा तर शुद्ध अविचार. त्याने काही जणांचं रूपांतर होऊन ते जमिनीवरचे सॅलॅमँडर होतात, बरेचसे त्यात मरतात.

कंटाळा आला तरी त्याला व्हाळात किंवा विहिरीत सोडू नका. तो तिथल्या उकाड्यात मरेल, आणि मरण्याआधी आपल्या बेडकांना रोग देऊ शकेल. हा प्राणी सायटीस कराराच्या (वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी जिवांची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, म्हणून विकत घेतानाची पावती जपून ठेवा.

उभयचर तपासणारे डॉक्टर बहुतेक मुंबई-पुण्याकडे. आधी फोन करून फोटो पाठवा. जावंच लागलं तर मासळीचा थर्माकोलचा खोका चांगला धुऊन घ्या. झाकणाच्या डब्यात टाकीचंच पाणी भरा, गोठवलेली बाटली डब्याच्या बाहेर पण खोक्याच्या आत ठेवा, आदल्या दिवसापासून खायला घालू नका आणि पहाटेच घाट चढा. सोबत टाकीतल्या पाण्याची एक वेगळी बाटली घ्या. डॉक्टर आधी तीच मागतील.